टीव्ही भिंतीवर : मजुरी किती आणि किंमत किती?

गेल्या वीसेक वर्षांत टीव्ही टेबलावरून भिंतीवर गेला. काचेच्या नळीचा जुना २१ इंची संच वीस किलोच्या आसपास असे आणि भिंतीपासून हातभर पुढे येई. आजचा ४३ इंची संच आठ-दहा किलोंचा असतो आणि त्याची जाडी चार बोटांपेक्षा जास्त नसते. तो भिंतीवर बसवला तर खोलीतली जागा वाचते आणि मागच्या बाकावरच्या मुलालाही पडदा दिसतो. महाराष्ट्रात २०१५ साली ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा कार्यक्रम सुरू झाला. त्यानंतरच्या काळात जिल्हा परिषदेच्या अनेक शाळांनी लोकवर्गणीतून टीव्ही, प्रोजेक्टर अशी साधने घेतली. टीव्ही शाळेत आला की एक साधा प्रश्न उभा राहतो. तो बसवायला माणूस बोलवायचा, की ड्रिल मशीन आणून आपणच बसवायचा?

प्रश्न पैशांचा वाटतो, आणि बहुतेक ठिकाणी तो पैशांच्याच भाषेत सोडवला जातो. “सहाशे रुपये कशाला द्यायचे? चार भोकं तर पाडायची आहेत,” असे कोणीतरी म्हणतो आणि विषय संपतो. या लेखात आपण हाच हिशोब जरा पुढे नेऊन पाहणार आहोत. त्यासाठी लागणारे विज्ञान आणि गणित आठवी ते दहावीच्या पुस्तकांतलेच आहे : तरफ, घर्षण आणि संभाव्यता.

बिलावरचा हिशोब

आधी उघड दिसणारा खर्च पाहू. खालचे आकडे केवळ उदाहरणासाठी घेतले आहेत. आपल्या गावातले दर विचारून ते बदलावेत. रीत तीच राहील.

समजा, कारागीर एक टीव्ही बसवण्याचे ६०० रुपये घेतो आणि त्यात स्क्रू व प्लग आले. टीव्हीमागचे ब्रॅकेट दोन्ही पर्यायांत विकत घ्यावेच लागते, म्हणून ते दोन्ही बाजूंनी वगळू. नवीन टीव्हीबरोबर कंपनीचा माणूस अनेकदा फुकट बसवून देतो आणि पैसे ब्रॅकेटचे लावतो. तेव्हा खरेदीच्या वेळीच हे विचारून घेणे चांगले.

आता स्वतः बसवण्याचा खर्च. ड्रिल मशीन २,५०० रुपये, काँक्रीट-विटेत चालणारी बिटे ३०० रुपये, पाणसळ २०० रुपये, असे ३,००० रुपये हत्यारांचे झाले. टीव्ही एक असो की दहा, हा खर्च तेवढाच. अर्थशास्त्रात याला स्थिर खर्च म्हणतात. स्क्रू आणि प्लग यांचे ५० रुपये मात्र दर टीव्हीमागे लागतील. हा बदलता खर्च.

प्रत्येक टीव्हीमागे आपले ६०० – ५० = ५५० रुपये वाचतात. हत्यारांचे ३,००० रुपये भरून निघायला ३,००० ÷ ५५० = ५.४५, म्हणजे सहावा टीव्ही बसवावा लागेल. घरातल्या एका टीव्हीसाठी ड्रिल विकत घेणे हा तोट्याचा व्यवहार आहे. सहा वर्गखोल्यांच्या शाळेला मात्र तो परवडतो. शिवाय फळा, नकाशे, कपाटे यांसाठी ड्रिल पुढेही कामाला येईल.

ड्रिल भाड्याने किंवा शेजाऱ्याकडून आणले तर चित्र पालटते. समजा, बिटासकट दिवसाचे भाडे २५० रुपये. मग खर्च २५० + ५० = ३०० रुपये, आणि बचत ३०० रुपये. हे काम पहिल्यांदाच करणाऱ्या दोन माणसांना मोजणे, खुणा करणे, भोके पाडणे, टीव्ही चढवणे आणि सांडलेली भुकटी झाडणे यात तीन तास सहज जातात. म्हणजे सहा मनुष्य-तास. त्यांत ३०० रुपये वाचले, म्हणजे ताशी ५० रुपये. ज्याला अशा कामाची हौस आहे त्याला हा सौदा चांगला आहे, ज्याला नाही त्याला महाग. दोन्ही उत्तरे बरोबर असू शकतात.

इथपर्यंतचा हिशोब कोणीही करेल. पण त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. कारागिराने बसवलेला टीव्ही आणि आपण बसवलेला टीव्ही भिंतीवर सारखाच टिकतो, असे आपण धरून चाललो आहोत. ते खरे आहे की नाही हे ठरवायचे तर भिंतीवर काय घडते ते पाहायला हवे.

भिंतीला काय जाणवते?

१५ किलोचा टीव्ही चार स्क्रूंवर टांगला आहे. पृथ्वी त्याला खाली ओढते, म्हणजे प्रत्येक स्क्रूवर साधारण पावणेचार किलो भार खालच्या दिशेने येतो. पोलादी स्क्रूला हा भार काहीच नाही. मग टीव्ही पडतात ते कसे?

ते बहुधा खाली घसरून पडत नाहीत. वरचे स्क्रू भिंतीतून बाहेर उपटले जातात आणि टीव्ही पुढे कलंडतो. टीव्हीचा गुरुत्वमध्य भिंतीत नसतो, भिंतीपासून थोडा पुढे असतो. त्यामुळे ब्रॅकेटची पट्टी आपल्या खालच्या कडेभोवती पुढे फिरू पाहते. ही एक तरफच आहे. पट्टीची खालची कड हा टेकू. टीव्हीचे वजन हा भार, आणि गुरुत्वमध्याचे भिंतीपासूनचे अंतर ही त्याची भुजा. वरच्या स्क्रूंचा भिंतीतला ताण हे बल, आणि खालच्या कडेपासून वरच्या स्क्रूंची उंची ही बलाची भुजा. भार आणि अंतर यांच्या गुणाकाराला परिबल म्हणतात. दोन्ही बाजूंची परिबले सारखी असली की टीव्ही जागेवर राहतो.

आकडे घालून पाहू. पट्टीची उंची २० सेंटिमीटर घेऊ. ब्रॅकेट भिंतीलगतचे, चपटे आहे आणि गुरुत्वमध्य भिंतीपासून ६ सेंटिमीटरवर आहे.

वरच्या स्क्रूंवरची ओढ = १५ × ६ ÷ २० = ४.५ किलोग्रॅम-भार.

ही दोन स्क्रूंवर मिळून, आणि फारच थोडी. आता तोच टीव्ही पुढे ओढता येणाऱ्या, वळवता येणाऱ्या हाताच्या ब्रॅकेटवर बसवू आणि हात भिंतीपासून ५० सेंटिमीटर बाहेर काढू.

ओढ = १५ × ५० ÷ २० = ३७.५ किलोग्रॅम-भार.

टीव्ही तोच, भिंत तीच, स्क्रू तेच. ओढ आठपटींहून अधिक वाढली. ब्रॅकेटच्या हाताचे स्वतःचे वजन तर आपण धरलेलेच नाही. आता समजा, मधल्या सुट्टीत २५ किलो वजनाचा एक मुलगा बाहेर काढलेल्या टीव्हीला लोंबकळला.

ओढ = (१५ + २५) × ५० ÷ २० = १०० किलोग्रॅम-भार.

दोन स्क्रूंना मिळून क्विंटलभर ओढ! ब्रॅकेटच्या खोक्यावर ‘४० किलोपर्यंत’ असे छापलेले असते. ते ब्रॅकेटच्या लोखंडाबद्दल असते. आपल्या भिंतीबद्दल कारखानदाराला काहीच माहीत नसते.

वर्गात करून पाहा

हे गणित फळ्यावर सोडवण्यापेक्षा हाताने अनुभवणे चांगले. एक फळी टेबलाला उभी बांधा. लाकडाच्या दोन पट्ट्या काटकोनात घट्ट जोडून इंग्रजी ‘एल’सारखा आकार करा. उभी पट्टी २० सेंटिमीटरची आणि आडवी ३० सेंटिमीटरची. ‘एल’चा कोपरा छोट्या बिजागरीने फळीला जोडा, म्हणजे उभी पट्टी फळीला टेकलेली आणि आडवी समोर आलेली असेल. उभ्या पट्टीच्या वरच्या टोकाला दोरा बांधून तो फळीतल्या भोकातून मागे घ्या आणि ताणकाट्याला जोडा. ताणकाटा आडवा धरून उभी पट्टी फळीला जेमतेम टेकेल इतकाच ओढा. नुसत्या पट्टीच्या वजनामुळे जे वाचन येते ते लिहून ठेवा; पुढच्या प्रत्येक वाचनातून ते वजा करायचे आहे.

आता २०० ग्रॅमचे वजन आडव्या पट्टीवर कोपऱ्यापासून ५, १०, २० आणि ३० सेंटिमीटरवर टांगा. वाचने साधारण ५०, १००, २०० आणि ३०० ग्रॅम-भार यावीत. वजन एकदाही बदलले नाही, फक्त सरकले. तरी ताण सहापट झाला. आलेख काढला तर तो सरळ रेषेत येतो. मग मुलांना विचारा : उभी पट्टी ४० सेंटिमीटरची केली तर? ताण निम्मा होईल. ब्रॅकेट विकत घेताना उंच पट्टीचे का निवडावे, याचे उत्तर मुलांना आपोआप मिळते.

स्क्रू भिंतीत टिकतो कसा?

लाकडात स्क्रू आपले आटे स्वतःच कापतो. विटेत ते होत नाही. वीट ठिसूळ असल्याने तिचा चुरा होतो. म्हणून भोक पाडून त्यात आधी लाकडाची गिट्टी ठोकायची आणि तिच्यात स्क्रू फिरवायचा, ही जुनी पद्धत. इंग्लंडमधील जॉन जोसेफ रॉलिंग्ज या बांधकाम व्यावसायिकाने १९११ च्या सुमारास तागाच्या धाग्यांची छोटी नळी तयार केली. लंडनच्या ब्रिटिश म्युझियमच्या भिंतींवर, त्यांना कमीत कमी इजा करून, विजेची उपकरणे बसवायची होती. त्या गरजेतून ती निघाली. जुन्या वायरमनच्या तोंडी असलेला ‘रावळप्लग’ हा शब्द त्याच्याच नावावरून आला. पुढे १९५८ साली जर्मनीतील आर्थर फिशर यांनी नायलॉनचा फुगणारा प्लग काढला. आज हार्डवेअरच्या दुकानात मिळणारे प्लास्टिकचे प्लग त्याच कुळातले.

तत्त्व साधे आहे. स्क्रू आत शिरताना प्लगला फाकवतो. फाकलेला प्लग भोकाच्या कडांवर जोराने दाबला जातो. आणि दाब जितका जास्त, तितके घर्षण जास्त. स्क्रूला बाहेर उपटायचे तर हे घर्षण मोडावे लागते. म्हणजे आपला टीव्ही पुढे न कलंडता भिंतीवर राहतो तो मुख्यतः घर्षणाच्या जोरावर.

यातून चार गोष्टी निघतात. पहिली, भोक प्लगपेक्षा मोठे झाले तर दाबच निर्माण होत नाही. ८ मिलिमीटरच्या प्लगला ८ मिलिमीटरचेच बिट हवे, आणि भोक पाडताना मशीन डगमगता कामा नये. दुसरी, भोकात भुकटी राहिली तर घर्षण कमी होते. ती फुंकून नव्हे, रबरी पंपाने किंवा ब्रशने काढावी, कारण फुंकर मारली की भुकटी डोळ्यांत जाते. तिसरी, भिंतीचा वरचा सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर भाग हा गिलावा असतो. ५० मिलिमीटरच्या स्क्रूतले ३ मिलिमीटर ब्रॅकेटच्या पत्र्यात गेले, १५ मिलिमीटर गिलाव्यात. खऱ्या विटेत उरले ३२ मिलिमीटर. खोक्यात मिळालेला स्क्रू याहून आखूड असेल तर टीव्ही विटेवर नव्हे, गिलाव्यावर टांगला जातो. चौथी, सतत दाबाखाली असलेले प्लास्टिक काळाबरोबर थोडे सैल पडते. आज घट्ट वाटणारी पकड पाच वर्षांनी तेवढीच राहील असे नाही. म्हणून अभियंते गरजेपेक्षा कितीतरी पट जास्त ताकद धरून चालतात. याला सुरक्षा गुणक म्हणतात. आपण इथे तो चार धरू.

भुकटी सांगते भिंतीची जात

आता कळीचा प्रश्न : भिंत कशाची आहे? रंगाखाली सगळ्या भिंती सारख्याच दिसतात. ड्रिलच्या बिटाबरोबर बाहेर येणारी भुकटी मात्र वेगवेगळी असते. ब्रॅकेटखाली झाकले जाईल अशा जागी आधी बारीक बिटाने एक चाचणी-भोक पाडावे आणि कागदावर भुकटी धरावी.

सुरुवातीची राखाडी-पांढरी भुकटी गिलाव्याची. त्यानंतर लाल भुकटी आली तर भाजलेली वीट. राखाडी भुकटी आणि बिट मोठ्या कष्टाने पुढे जात असेल तर काँक्रीटचा खांब किंवा तुळई. ही जागा सर्वांत मजबूत, पण साध्या ड्रिलला दाद न देणारी. तांबूस, ओलसर आणि कधी कडक कधी मऊ लागणारी भुकटी कोकणात, गोव्यात जांभ्याची असते. तपकिरी माती आली आणि बिट लोण्यात जावे तसे गेले तर विटा मातीत रचलेल्या आहेत. पांढरी, पिठासारखी भुकटी आली तर ते हलके एएसी ब्लॉक. पुण्याकडे त्यांना सरसकट ‘सिपोरेक्स’ म्हणतात. नव्या इमारतींत हेच जास्त दिसतात. त्यांच्यात हवेची बारीक छिद्रे इतकी असतात की वाळलेला तुकडा बादलीत टाकला तर तो पाण्यावर तरंगतो. हा प्रयोग मुलांना जरूर दाखवावा. अशा सच्छिद्र पदार्थात साधा प्लग फाकला की छिद्रांच्या पातळ भिंती चुरडतात आणि दाब टिकत नाही. तिथे लांब, खास बनवलेले प्लग किंवा रसायनाने चिकटवायचे खिळे लागतात, आणि ड्रिलचा ठोके मारणारा भाग बंद ठेवावा लागतो. बिट सेंटीमीटरभर जाऊन एकदम पोकळीत पडले तर ती बोर्डाची पडदी आहे. तिच्यावर टीव्ही टांगायचा तर आतल्या पोलादी चौकटीचाच आधार घ्यायला हवा.

पावसाळ्यात ओल धरणारी भिंत कोणत्याही जातीची असली तरी टाळावी. ओलीने गिलावा सुटतो आणि स्क्रू गंजतात.

भिंतीच्या पोटात आणखी एक गोष्ट असते : विजेच्या तारा. त्यांच्या नळ्या सहसा बटणांच्या बोर्डापासून सरळ वर किंवा सरळ खाली गेलेल्या असतात, कधी बोर्डाच्या पातळीत आडव्याही. त्या रेषांवर भोक पाडू नये. शक्य असेल तर त्या खोलीची वीज बंद करून ड्रिलसाठी दुसऱ्या खोलीतून वायर आणावी. २३० व्होल्टच्या तारेला पोलादी बिट लागणे म्हणजे काय, हे मुलांना वेगळे सांगायला नको.

न लिहिलेला खर्च

आता पुन्हा पैशांकडे वळू. टीव्ही ३०,००० रुपयांचा आहे. भाड्याने ड्रिल आणून आपण ३०० रुपये वाचवले. गणितात अपेक्षित नुकसान म्हणजे नुकसानाची रक्कम गुणिले ते होण्याची संभाव्यता.

आपण बसवलेला टीव्ही पडण्याची संभाव्यता किती, हे आपल्याला माहीत नाही. कारागिराचीही माहीत नाही. पण माहीत नसतानाही एक उपयोगी प्रश्न विचारता येतो. या दोन संभाव्यतांमध्ये किती फरक असला तर आपली बचत शून्य होईल? ३०० ÷ ३०,००० = ०.०१, म्हणजे शंभरात एक. आपले काम कारागिराच्या कामापेक्षा शंभरात एकाने जरी कमी भरवशाचे असेल, तर ३०० रुपयांची बचत ही बचत नाहीच. ती फक्त आज हातात आली आहे आणि पुढे कधीतरी परत द्यायची आहे.

उलट बाजूनेही हाच प्रश्न विचारायला हवा. दिवसाला आठ-दहा टीव्ही बसवणारा माणूस घाईत असतो. पांढरी भुकटी पाहूनही त्याने खोक्यातले साधे प्लगच वापरले, तर ६०० रुपये देऊन आपण नेमके काय विकत घेतले? चार भोके. आपल्याला हवी असते ती भिंतीची पारख आणि जबाबदारी. मजुरीत त्या दोन्ही येतीलच असे नाही. त्या मागून घ्याव्या लागतात.

आणि हा गुणाकार एका ठिकाणी थांबवावाच लागतो. नुकसानीच्या रकान्यात आपण फक्त टीव्हीची किंमत लिहिली. वर्गात टीव्हीखाली मुले बसतात. त्यांच्यासाठी त्या रकान्यात कोणताही आकडा लिहिता येत नाही आणि लिहू नये. टीव्ही आणि जड फर्निचर अंगावर पडून मुलांना होणाऱ्या इजा इतक्या गंभीर मानल्या गेल्या, की अमेरिकेच्या ग्राहक-उत्पादन सुरक्षा आयोगाने २०१५ साली अशा वस्तू भिंतीला बांधून ठेवण्यासाठी खास मोहीम सुरू केली. यापुढे प्रश्न ‘स्वस्त काय’ असा राहत नाही. ‘टीव्ही पडणार नाही याची खात्री कशी करायची’ असा होतो.

ओढून पाहा

खात्री करण्याचा एक साधा मार्ग आहे, आणि तो शाळेला सहज जमण्यासारखा आहे. चपट्या ब्रॅकेटच्या वरच्या स्क्रूंवर ४.५ किलोग्रॅम-भाराची ओढ येते, हे आपण काढले. सुरक्षा गुणक चार धरला तर १८ किलोग्रॅम-भार. टीव्ही चढवण्यापूर्वी भिंतीवरच्या रिकाम्या ब्रॅकेटला तेवढी ओढ देऊन पाहायची.

ब्रॅकेटच्या वरच्या कडेला मजबूत दोर बांधा. दुसऱ्या टोकाला प्रवासाच्या बॅगा तोलण्याचा, ५० किलोपर्यंतचा हातकाटा अडकवा. शिडीवरून ओढू नये. ब्रॅकेट निघाले तर माणूस मागे पडेल. जमिनीवर थोडे बाजूला उभे राहून दोर तिरका ओढावा. दोर भिंतीशी ४५ अंशांचा कोन करत असेल तर काट्यावर २५ किलो दिसेपर्यंत ओढा. त्यातला भिंतीला काटकोनात असलेला घटक २५ × ०.७ म्हणजे साधारण १८ किलो, आणि तेवढाच घटक खालच्या दिशेने. दहावीच्या त्रिकोणमितीचा याहून चांगला उपयोग सापडणे कठीण! अर्धा मिनिट ताण ठेवा. मग ब्रॅकेटच्या कडेभोवती आधी पेन्सिलने ओढलेली रेघ पाहा. ब्रॅकेट रेघेवरून केसभरही हलले नसेल तर काम पास. हलले असेल तर टीव्ही चढवू नका, मग काम कोणीही केलेले असो. कारागिराने बसवले असले तरी पैसे देण्यापूर्वी त्याच्यासमोरच ही परीक्षा घ्यावी. चांगला कारागीर रागावणार नाही.

आता हाताच्या ब्रॅकेटसाठी हाच हिशोब करून पाहा. ३७.५ × ४ = १५० किलोग्रॅम-भार. इतकी ओढ दोन माणसांनीही सुरक्षितपणे देता येणार नाही. म्हणजे हे काम बरोबर झाले की नाही, ते आपल्याला तपासताच येत नाही.

मग कोणी बसवावा?

माझ्या मते, या दोन आकड्यांच्या फरकातच निर्णयाचे सूत्र आहे. जे काम आपल्याला पुरते तपासता येते ते आपण करावे. जे तपासता येत नाही ते जाणकाराकडे सोपवावे, किंवा करूच नये.

भाजलेल्या विटेची किंवा काँक्रीटची कोरडी भिंत, चपटे ब्रॅकेट, पंधरा किलोंपर्यंतचा टीव्ही आणि भाड्याचे ड्रिल, अशी स्थिती असेल तर शिक्षकांनी वरच्या वर्गातल्या मुलांच्या मदतीने मोजमाप करून हे काम जरूर करावे. ड्रिल मोठ्यांनीच चालवावे आणि डोळ्यांवर चष्मा असावा. वाचलेल्या ३०० रुपयांपेक्षा मुलांनी केलेला हिशोब जास्त मोलाचा ठरेल. टीव्हीमागच्या चार भोकांतले अंतर मोजायलाही मुलांना सांगावे. ते बहुधा २०० × २०० किंवा ४०० × ४०० मिलिमीटर अशा ठरीव मापांत येते. ‘व्हेसा’ नावाच्या संघटनेने ही मापे ठरवून दिली आहेत, म्हणूनच एका कंपनीचा टीव्ही दुसऱ्या कंपनीच्या ब्रॅकेटवर बसतो.

एएसी ब्लॉक, मातीत रचलेल्या विटा, बोर्डाची पडदी, हाताचे ब्रॅकेट, किंवा ६५ इंचांचा ४० किलोंचा स्पर्श-पडदा यांपैकी एक जरी गोष्ट असेल, तर मजुरी देणे स्वस्त आहे. पण देण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. भिंत कशाची आहे असे तुम्हाला वाटते? त्यासाठी कोणता प्लग वापरणार? काही झाले तर जबाबदारी कोणाची, हे बिलावर लिहून द्याल का? पहिल्या दोन प्रश्नांना अडखळणाऱ्या माणसाला सहाशे रुपये देणे आणि स्वतः अंदाजाने भोके पाडणे यांत फारसा फरक नाही.

तिसरा पर्यायही विसरू नये. भिंत भरवशाची नसेल तर टीव्ही रुंद, बुटक्या आणि जड टेबलावर ठेवावा आणि पट्ट्यांनी मागे घट्ट बांधावा. मागच्या बाकांवरच्या मुलांना थोडे पुढे बसवावे लागेल, एवढेच. हा खर्च सर्वांत कमी आहे आणि तो कोणत्याही बिलावर येत नाही.

विद्यार्थ्यांसाठी काही प्रश्न

१) १० किलोचा टीव्ही, गुरुत्वमध्य भिंतीपासून ५ सेंटिमीटर, पट्टीची उंची २५ सेंटिमीटर. वरच्या स्क्रूंवर किती ओढ येईल? चौपट ओढीची परीक्षा घ्यायची आणि दोर भिंतीशी ४५ अंशांत धरायचा, तर काट्यावर किती वाचन दिसायला हवे?

२) दोर भिंतीशी ४५ ऐवजी ३० अंशांचा कोन करत असेल, तर तीच काटकोनातली ओढ मिळवायला काट्यावरचे वाचन वाढेल की कमी होईल?

३) टीव्ही ६०,००० रुपयांचा असेल आणि बचत ३०० रुपयेच असेल, तर संभाव्यतेतला किती फरक ती बचत पुसून टाकेल?

४) शाळेतल्या सगळ्या भिंतींची जात ओळखून एक नकाशा तयार करा. कोणत्या भिंतीवर काय टांगलेले आहे, आणि त्याच्याखाली कोण बसते?